बारा शब्दांत

मिरकरवाड्यात, बर्फाच्या कारखान्यावर आमचं ऑफिस.
फरशी दिवसभर थरथरते,
उत्तरेच्या भिंतीला पाठ लागली की मे महिन्यातही हुडहुडी.
पाटीवर नुसतं 'सल्लागार' एवढंच रंगवलंय,
पुढे काय लिहायचं यावर माझं नि इरफानाचं एकमत होईना.
म्हणून लोक सातबारा घेऊन येतात,
एक जण मुलीची पत्रिका घेऊन आला.
त्यांना सांगावं लागतं, आम्ही संस्थांना सल्ला देतो.
कसला?
जास्त उपयोगी पडायचा.
मग ते बघतात
लिलावात उगीच उभ्या असलेल्या माणसाकडे बघावं तसं.

इरफाना मुकादम हिशेब बघते. मी प्रश्न विचारते.
खाऱ्या हवेनं माझ्या लॅपटॉपचं 'न'चं बटण गंजलंय,
जोर लावून दाबावं लागतं.
नकार लिहायला त्यामुळे वेळ लागतो.

सुनंदाताई मोहित्यांची संस्था भाट्याच्या खाडीपलीकडे,
मासळी विकणाऱ्या बायकांची.
बावीस वर्षं, अकरा कामं, साडेतीन माणसं
(अर्धा म्हणजे रिक्षावाला बंड्या, दुपारी टायपिंग करतो).
भिंतीवर आम्ही अकरा कागद चिकटवले
आणि म्हटलं, ताई, यातले चार काढा.
त्यांनी चहा पुढे केला.
कागदाला हात लावला नाही.

पावत्यांचं काम राहिलं, त्यावर वाद नव्हता.
ठेकेदार टोपलीमागे वीस घ्यायचा, पावती दहाची,
तीही मागितली तर.
बायकांनी वर्षभर पावत्या तारेत ओवून ठेवल्या होत्या.
इरफानाने तीन रात्री बसून मोजल्या,
बोटांना बांगड्याचा वास,
चार हजार एकशे सहा.
नगरपरिषदेत तो आकडा वाचला
तेव्हा ठेकेदाराने पाणी मागितलं.
आकड्यांना नाकं मुरडणाऱ्यांना मी ती तार दाखवते.

पण शिलाईवर्ग.
आठ मशीन, प्रत्येकावर देणगीदाराच्या आईचं नाव,
हजेरीपटात तीस बायका,
आणि वर्षभरात शिवून झालेलं:
एक परकर, दोन पिशव्या.
मी लाल पेनने रेघ ओढली.
पट्टीशिवाय इतकी सरळ रेघ मला कधी जमली नव्हती.

शेवंती डोर्लेकर दारात उभी होती,
डोक्यावरची टोपली खाली न ठेवता.
म्हणाली,
"मशनीवर कोण बसतंय गो?
पण त्या खोलीला पंखा हाय.
नि दाराला कडी हाय, आतून."
आणि गेली. टोपलीतला बर्फ वितळत होता.

मी इरफानाकडे पाहिलं नाही.
तीही चिकटपट्टीचं रिकामं कडं
बोटावर फिरवत राहिली, बराच वेळ.
तीस जणी. दुपारी एक ते चार.
पहाटे तीनपासून जेट्टीवर उभ्या असलेल्या.
हजेरीपट खोटा नव्हताच,
रकाना आम्ही चुकीचा वाचला होता.

अहवालात लिहिलं:
शिलाईवर्ग बंद करावा. खोली ठेवावी.
मशीन विकून लाइटबिल भरावं.
ताईंनी दोनदा वाचून सही केली,
म्हणाल्या, देणगीदाराच्या आईला काय सांगू?
ते आमच्या कामात बसत नव्हतं.
फीचा दुसरा हप्ता पुढच्या महिन्यावर गेला,
सोबत सोड्यांची पुडी आली.
आठवडाभर प्रत्येक बैठकीला त्यांचा वास.

काल मुंबईहून पैसे देणाऱ्यांचा मेल:
सदर खोलीचा परिणाम कृपया बारा शब्दांत कळवावा.
दाराला आतून कडी आहे.
चार झाले.
"आणि पंखा," इरफाना म्हणाली.
सहा.
खाली बर्फ फोडायचं यंत्र सुरू झालं,
टेबलावरचे पेले एकमेकांना लागले.
उरलेल्या सहा शब्दांची जागा
मोकळी सोडली
आणि तसंच पाठवलं.